भरतगडाच्या पायथ्याचे खुराडे

मसुरे म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांसमोर प्रथम भरतगड उभा राहतो. कालावलच्या खाडीच्या दक्षिण तीरावर सावंतवाडीकरांचा भरतगड आणि समोरच्या तीरावर त्याला शह देण्यासाठी बावडेकरांनी बांधलेला भगवंतगड. १८१८ साली दोन्ही इंग्रजांच्या हाती गेले. ही कथा आपण पुष्कळदा वाचली आहे. आजचा धागा मात्र गडाच्या पायथ्याशी, घरामागच्या परड्यात चालत आलेल्या एका निराळ्या संरक्षणाविषयी आहे. कोल्हा, मुंगूस, रानमांजर, कांडेचोर, घार आणि शिक्रा यांच्यापासून कोंबड्या कशा राखल्या गेल्या?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण ज्या घराचा कर्ता मुंबईच्या गिरणीत आहे त्या घराच्या दृष्टीने तो पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील (सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी) हजारो पुरुष मुंबईस गेले. मागे राहिलेल्या स्त्रियांना दोन मनिऑर्डरींमधला काळ निभावून न्यावा लागे. अशा वेळी अंडी, पिल्ले आणि सणासाठी राखलेला एखादा कोंबडा हेच त्यांच्या हातातले चलन. रवणीला बसलेली कोंबडी एका रात्रीत कांडेचोराने नेली, तर पुढील कित्येक महिन्यांचा हिशेब कोलमडे.

या नुकसानीची नोंद सरकारदरबारी शोधू गेल्यास निराशा होते. नोंदी ठेवण्यात इंग्रज सरकार आळशी होते असे नव्हे. १८७० च्या दशकाच्या मध्यापासून हिंसक श्वापदे आणि साप यांनी किती माणसे व किती गुरे मारली, याचे आकडे दरवर्षी निघत. वाघ, बिबट्या, लांडगा यांच्यावर बक्षिसे होती. १८६२ च्या डिसेंबरात फुरशांवरील बक्षीस वाढवताच एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली! पुढे जिल्ह्यातील इंग्रज अधिकारी विडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी सिद्ध केली. १८८० साली ती ज्या नियतकालिकात आली, त्याचे संपादक होते अॅलन ह्यूम, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम. फुरसे मोजले गेले, पक्षी नोंदले गेले, मेलेला बैल मोजला गेला. मेलेली कोंबडी मात्र कोणत्याच रकान्यात बसली नाही. माझ्या मते याचे कारण साधे आहे. बैल मेला तर शेतसारा अडतो, कोंबडी मेली तर अडते ते केवळ बाईचे.

तेव्हा पुरावा दफ्तराबाहेर शोधावा लागतो. पहिला पुरावा खुद्द कोंबडीच्या पायांत आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. तो कोकणात आढळत नाही. सह्याद्रीत आहे तो राखी रानकोंबडा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले की अनेक पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे, म्हणून पिवळ्या पायांचेही, जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे. याचा दुसरा अर्थ असा की इथल्या रानमांजराला कोंबडीची चव माणसाने लावलेली नाही. माणूस परड्यात कोंबडी घेऊन आला, तेव्हा शिकारी तिच्या जातीला चांगले ओळखत होता.

दुसरा पुरावा भाषेत आहे. ‘डाल’ म्हणजे बांबूची मोठी पालथी टोपली. तिच्याखाली कोंबड्या कोंडणे म्हणजे ‘डालणे’. एका कामासाठी स्वतंत्र क्रियापद घडते, तेव्हा ते काम रोजचे असते. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आपण राजकारणावर बोलताना वापरतो. पण कोंबडे मुळात झाकले का जात होते, हे कोणी विचारत नाही. उत्तर कुंपणापलीकडे दबा धरून बसलेले असे.

डालीवर दगड ठेवावा लागे, कारण मुंगूस कड उचलून आत शिरे. ऐपत असलेल्या घरी जांभ्याच्या चिऱ्यांचे खुराडे असे आणि त्याच्या तोंडाशीही दगड. गंमत अशी की परड्याभोवती रचलेला जांभ्याचा गडगा गुरांना अडवी, पण त्याच्याच फटींत मुंगसाचे बिऱ्हाड असे. ज्या दगडाने गड राखला, त्याच दगडाने शत्रूला घर दिले.

दिवसाचा पहारा कोंबड्याकडे. आकाशातून झेपावणाऱ्या शिकाऱ्यासाठी त्याची हाक वेगळी आणि जमिनीवरून येणाऱ्यासाठी वेगळी असते. प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी हे विसाव्या शतकात प्रयोगांनी सिद्ध केले. चुलीपुढे बसून, नुसत्या आवाजावरून घार आली की मुंगूस हे ओळखणाऱ्या बायकांना त्यात काही नवे वाटले नसते.

एवढे करूनही जे हातात नव्हते, ते राखणदाराकडे सोपवले जाई. तळकोकणातील गावऱ्हाटीत राखणदाराला कोंबडा देऊन ‘राखण’ दिली जाते, ती घरदार, शेत आणि गोठा सुखरूप राहावा म्हणून. खुराड्यातील एक देऊन उरलेल्यांसाठी अभय मागायचे, असा हा व्यवहार. दिवाळीच्या सुमारास येणारी वाघबारस त्याच वृत्तीची. तिच्यात वाघाचा नायनाट नसतो, त्याच्याशी अंतर ठरवून घेणे असते.

बंदूक या कथेत उशिरा येते आणि तिचा वाटाही थोडाच. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर बंदुकीला परवाना आला. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचे परवाने आजही बरेच आहेत, पण त्यांचा रोख रानडुकरांवर. रात्री दोन वाजता कौले सरकवून उतरणाऱ्या कांडेचोरापुढे ठासणीची बंदूक काय करणार? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर शिकाऱ्याला मारणे हाच गुन्हा ठरला. बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. परड्यातल्या बाईची स्थिती त्याने फारशी बदलली नाही. तिचा भर आधीपासूनच मारण्यावर नव्हता, झाकण्यावर होता. डालीच्या जागी लोखंडी जाळी आली, इतकेच.

भरतगड पाहायला जाल, तेव्हा उतरताना वाडीतल्या एखाद्या जुन्या घराचे परडे विचारून पाहा. खुराडे पडले असले, तरी त्याच्या तोंडाशी लावायचा जांभ्याचा दगड बहुधा तिथेच असतो. आता त्यावर कपडे धुतात.