औषधाचे अंतर

शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर मी दोऱ्याने मोजून दाखवतो. मुलांना ते चटकन समजते. परंतु रोगी आणि औषध ह्यांच्यामधले अंतर कोणत्या दोऱ्याने मोजावे?

१९९६ च्या सुमारास एड्सवर तीन औषधांचा एकत्रित उपचार हाती आला. अमेरिकेत व पश्चिम युरोपात मरणाच्या दारी पोचलेली माणसे उठून पुन्हा कामाला जाऊ लागली. मात्र एका रोग्याचा वर्षाचा खर्च होता दहा ते पंधरा हजार डॉलर! रोगी सर्वांत अधिक होते ते सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. तेथल्या खेडुताने आयुष्यभर एवढी रक्कम एकत्र पाहिली नव्हती. स्वस्त औषधांची वाट मोकळी करावी म्हणून दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये कायदा केला, तर त्याविरुद्ध औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. शेवटी त्यांची संख्या ३९ झाली.

ह्या कोंडीला तडा गेला तो मुंबईतून. फेब्रुवारी २००१ मध्ये 'सिप्ला'च्या युसुफ हमीद ह्यांनी तीच तीन औषधे एका परोपकारी डॉक्टर-संघटनेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. त्याच एप्रिलमध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. पुढे किंमत शंभर डॉलरांच्याही खाली आली.

हे साधले कसे? त्याचे मूळ आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. इंग्रजी अमदानीतल्या १९११ च्या कायद्याने खुद्द औषधावरच मक्तेदारी मिळे. नव्या कायद्याने औषधाच्या बाबतीत ती केवळ बनविण्याच्या कृतीपुरती ठेवली. तेच औषध दुसऱ्या कृतीने करायला कोणाचीही आडकाठी उरली नाही. तीस वर्षे आपले रसायनशास्त्रज्ञ ह्या वाटेने शिकत गेले, आणि ती विद्या परक्या खंडातल्या रोग्यांच्या कामी आली.

२००५ पासून, जागतिक व्यापार करारानुसार, औषधावरचे पेटंट आपल्याकडे परत आले आहे. काही अपवाद कायद्यात राखले आहेत, एवढाच दिलासा.

पण १९९६ ते २००१ ह्या मधल्या पाच वर्षांत जी माणसे गेली, त्यांचे काय? उपाय ठाऊक होता, गोळ्या तयार होत्या. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत रोगाचे नाव कोणी लिहिलेही असेल. औषधाची किंमत लिहायला त्या वहीत रकाना नसतो.