डिक्शनरीत सापडलेला सांबा

टीव्हीला रास्पबेरी पाय जोडला, त्यावर लिब्रेइलेक ही प्रणाली टाकली आणि तिच्यातल्या कोडी या मीडिया सेंटरमध्ये सिनेमांचं फोल्डर जोडायला बसलो. यादीतलं ‘विंडोज नेटवर्क (एसएमबी)’ निवडलं आणि आतल्या खोलीतल्या जुन्या संगणकावरचे सिनेमे एकेक करून पडद्यावर आले. त्या संगणकावर लिनक्स आहे; विंडोज त्यानं कधी पाहिलेलंच नाही. मग विंडोजच्या बोलीत कोडीला उत्तर कोण देत होतं? सांबा. त्या नावाच्या मागे लागलो आणि कोडीची सगळी कुळकथाच मला वेगळी दिसू लागली.

रूढ कथा अशी: 2002 साली एक्सबॉक्स मीडिया प्लेयर आला, पुढे त्याचं एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालं आणि 2014 मध्ये कोडी. म्हणून घरगुती मीडिया सेंटरचं मूळ गेमच्या डब्यात आहे म्हणतात. मला हे पटत नाही. त्या डब्याची हार्ड डिस्क 8 जीबीची, आणि दोन थरांची एक डीव्हीडीच 8.5 जीबीपर्यंत जाते. एक सिनेमा जिथं मावायची मारामार, तिथं संग्रह कसला ठेवणार? सिनेमे दुसऱ्या संगणकावर असायचे, डबा ते नेटवर्कवरून मागवायचा. ही मागवण्याची सोय हाच मीडिया सेंटरचा प्राण; म्हणून माझ्या मते खरं मूळ एसएमबीत, फायली मागवायच्या त्या विंडोजच्या बोलीत.

कोणी मिथटीव्हीचं नाव घेईल, कोणी सांगेल की एक्सबॉक्सवाल्यांचा स्वतःचाही एक प्रोटोकॉल होता. दोन्ही खरं. पण मिथटीव्ही मुळात कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी घडला, आणि त्या दुसऱ्या प्रोटोकॉलसाठी संगणकावर वेगळा सर्व्हर बसवावा लागे. एसएमबी घरोघरच्या विंडोजमध्ये आयतं होतं.

ते लिनक्सला शिकवलं अँड्र्यू ट्रिजेल यांनी. 1991 च्या अखेरीस कॅनबेरात पीएचडी करताना त्यांनी डीईसी कंपनीच्या फाइल सर्व्हरसारखा सर्व्हर स्वतः लिहिला. कागदपत्रं हाताशी नव्हती, म्हणून तारेवरून जाणारे संदेश टिपून अर्थ लावला. ही रीत ते फ्रेंच कॅफेच्या दाखल्यानं समजावतात: भाषा येत नसली तरी कोपऱ्यात बसून ऐकत राहा, गिऱ्हाईक काय बोललं की वेटर पाव आणतो, हे कळत जातं. पुढे काही काळानं पत्नीचा विंडोज संगणक आपल्या लिनक्सला जोडताना तोच जुना कोड त्यांनी लावून पाहिला, आणि तो चालला; दोन्हीकडची बोली एसएमबीच होती. म्हणजे हे सॉफ्टवेअर खऱ्या अर्थानं कामाला लागलं ते घरातच. माझ्या म्हणण्याला याहून मोठा आधार मला नको.

त्या सॉफ्टवेअरचं नाव होतं ‘एसएमबी सर्व्हर’. 1994 मध्ये एका कंपनीनं त्या नावावर हक्क सांगितला. ट्रिजेल यांनी संगणकातली शब्दांची यादी चाळली: एसपासून सुरू होणारे, पुढे एम आणि मग बी येणारे शब्द. निघाले सॅमनबेरी, सांबा, सॉटिंबर, स्क्रॅम्बल. त्यातून सांबा उचलला.

आपल्या कानाला सांब सदाशिव ऐकू येतो, किंवा ‘शोले’तला कड्यावरचा सांभा. शब्द मात्र ब्राझीलच्या नाचाचा आहे, आणि त्याच्या व्युत्पत्तीवर वाद आहे. अंगोलाच्या किंबुंदु भाषेतल्या ‘सेंबा’शी तो जोडतात, सेंबा म्हणजे बेंबीला बेंबी भिडवणं. मी याच पक्षाचा. ब्राझीलमधल्या जुन्या फेराच्या नाचात नाचणारा समोरच्याला बेंबी भिडवून रिंगणात बोलावतो, आणि त्या कृतीला पोर्तुगीजमध्ये ‘उंबिगादा’ म्हणतात, ‘उंबिगु’ म्हणजे बेंबी यावरून. शब्द आणि पाऊल इतके नेमके जुळत असताना दुसरीकडे कशाला शोधायचं? आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर हा शब्द समुद्रापार गेला, इंग्रजी शब्दयादीत शिरला आणि तिथून माझ्या आतल्या खोलीत आला.

एसएमबी ही अक्षरंही पहिली नव्हेत. आयबीएममध्ये हा प्रोटोकॉल घडवणाऱ्या बॅरी फायगेनबॉम यांनी आधी त्याला स्वतःची आद्याक्षरं दिली होती: बीएएफ. तीच टिकली असती तर? काल रात्री माझ्या लिनक्सवर तोच शोध बी, ए, एफ घालून चालवला. बऱ्याच शब्दांत एक होता ‘ब्रेकफास्ट’.