करवीर दरबारचे कायदे आणि हेरवाडचा ठराव

१/ कुटुंबात ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याचे रक्षण राज्याने करावे की समाजाने? कोल्हापूरच्या इतिहासात या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली, एक १९१७ साली दरबारातून आणि दुसरे २०२२ साली एका ग्रामसभेतून.

२/ राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा व त्याची नोंदणी करणारा कायदा केला. १९१९ मध्ये आंतरजातीय विवाह, काडीमोड आणि स्त्रियांचा छळ यांविषयीचे कायदे आले.

३/ यांतील छळप्रतिबंधक कायदा विशेष महत्त्वाचा. घरातील छळ हा घरचा मामला मानला जाई. दरबाराने त्याला गुन्हा ठरवले. भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळासाठी स्वतंत्र कलम, ४९८-अ, आले ते १९८३ साली.

४/ मात्र कायदा झाला म्हणून रूढी लगेच हटत नाही. १९१८ मध्ये महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी यांचे निधन झाले आणि स्नुषा इंदुमतीदेवी कोवळ्या वयात विधवा झाल्या. महाराजांनी विरोध पत्करून त्यांचे शिक्षण सुरू केले. पुनर्विवाह मात्र झाला नाही. कायदा करणाऱ्या राजाच्या वाड्यातही रूढीचे बळ एवढे होते.

५/ जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे समाजालाच उभे राहावे लागते. कोरोनाकाळात अनेक तरुण स्त्रिया विधवा झाल्या. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाने विधवा प्रथेविरुद्ध मोहीम हाती घेतली.

६/ शिरोळ तालुक्यातील हेरवाडने ती हाक ऐकली. ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेने ठराव केला : पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे गावात बंद. दोनच दिवसांनी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होत होती.

७/ त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले. १९१७ साली राज्य पुढे होते आणि समाज मागे. २०२२ साली गाव पुढे गेले आणि शासन त्याच्या मागून आले.

८/ दोघांनाही एकमेकांची गरज आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शासनाचे संरक्षण अधिकारी आहेत, तशाच नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाही आहेत. ग्रामसभेच्या ठरावामागे शिक्षेचा धाक नसतो. तिरडी दारात असताना बांगड्यांकडे जाणारा हात थांबवायचा की नाही, हे त्या क्षणी घरातील वडीलधारी माणसेच ठरवतात.