दरबारच्या चाकरीतला संघ

दुर्ग आणि भिलाई या जोडनगरांत वसलेल्या पद्मनाभपुरात राहून आपल्या भागाच्या क्रिकेटचा पूर्वेतिहास धुंडाळू पाहणाऱ्या मराठी माणसाची वाट प्रथम नागपुरास जाते आणि तेथून वळून इंदुरास पोहोचते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला. पुढे इंग्रजी आमदानीत हा मुलूख मध्यप्रांतात मोडू लागला व १९०६ साली दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे १९३४ साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाले तेव्हा या भूभागाचा संघ म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडचा संघ, हे ठरूनच गेले होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि वऱ्हाड निराळे झाले, दुर्ग नव्या मध्यप्रदेशात राहिले, आणि ज्या संघाशी पूर्वी केवळ शेजारधर्माचे नाते होते त्या इंदूरच्या होळकर संघाचा वारसा आमच्याकडे रीतसर चालत आला. त्या संघाचा १९४५-४६ चा हंगाम हा माझ्या मते हिंदुस्थानातील पगारी क्रिकेटच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी हंगाम होय, आणि त्याचे स्मरण जितक्या आस्थेने राहावयास हवे होते तितक्या आस्थेने ते राहिलेले नाही.

‘पगारी’ हा शब्द मी जाणूनबुजून योजतो. खेळाडूने खेळावर पोट भरणे हे गौण आहे, ही समजूत इंग्रजांनी क्रिकेटबरोबरच आपल्याकडे आणली. त्यांच्या देशात तर हौशी ‘जंटलमन’ आणि वेतनभोगी ‘प्लेयर’ यांचे सामने थेट १९६२ पर्यंत चालू होते. अमेरिकेत मात्र बेसबॉलने हा संकोच पुष्कळ आधी टाकला. १८६९ साली सिनसिनाटीच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ संघाने आपल्या सर्व खेळाडूंना उघडपणे वेतन दिले, पूर्वेपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत प्रवास केला आणि तो संपूर्ण हंगाम अपराजित राहून पार पाडला. विशेष हे की, त्या संघाचा सूत्रधार हॅरी राइट हा जन्माने इंग्रज, एका व्यावसायिक क्रिकेटपटूचा मुलगा, आणि सिनसिनाटीत आला तोही मुळात क्रिकेट शिकविण्याच्या नोकरीवर. अमेरिकेत जे काम नागरिकांच्या क्लबाने आणि तिकिटाच्या उत्पन्नाने केले, ते आपल्याकडे संस्थानिकांच्या खजिन्याने केले. फरक इतकाच की, आपल्याकडे पगार खेळाचा म्हणून दिला जात नसे, तो लष्करी हुद्द्याच्या नावे खर्ची पडे.

इंदूर दरबारने हा शिरस्ता पाडला तो १९२३ साली, जेव्हा तुकोजीराव होळकरांनी नागपूरच्या कोट्टारी कनकय्या नायडू यांना बोलावून घेऊन आपल्या फौजेत कप्तानाचा हुद्दा दिला. सी. के. नायडू ते हेच. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी एम.सी.सी.विरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा काढल्या, १९३२ साली लॉर्ड्सवर ते हिंदुस्थानचे पहिले कसोटी कर्णधार झाले, आणि या सर्व काळात त्यांची चाकरी होळकरांचीच होती. १९१४ साली इंदुरातच जन्मलेल्या सय्यद मुश्ताक अली या मुलाचा खेळ त्यांनी लहानपणीच हेरला व आपल्या देखरेखीखाली घडविला. १९३६ साली मँचेस्टरला शतक झळकावून परदेशी भूमीवर हिंदुस्थानचे पहिले कसोटी शतक काढण्याचा मान ज्याने मिळविला तो हाच मुलगा, आणि कालांतराने तोही होळकरांच्या फौजेत कप्तान झाला. यशवंतराव होळकरांच्या कारकिर्दीत १९४१ पासून हा संघ ‘होळकर’ या नावाने रणजी करंडकात उतरू लागला आणि सागरचे चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, नागपूरचे हिरालाल गायकवाड, शिवाय भांडारकर, जगदाळे असे चहूकडचे गुणी खेळाडू एकामागून एक त्याच्या पटावर आले. या आश्रयाला कोणी संस्थानी लहर म्हणेल. पण ज्या काळी उत्तम फलंदाजालासुद्धा मैदानातून निघाल्यावर उद्याच्या भाकरीची चिंता असे, त्या काळी या लहरीने दहापंधरा माणसांना निश्चिंतपणे खेळू दिले, ही गोष्ट लहान नव्हे.

१९४५ च्या मार्चमध्ये हा संघ प्रथमच अंतिम सामन्यास पोहोचला आणि मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर त्याची विलक्षण परीक्षा झाली. युद्धामुळे महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्या वेळी होळकरांकडून खेळला आणि दुसऱ्या डावात २४९ धावा काढून नाबाद राहिला. मुश्ताक अलीने दोन्ही डावांत शतके काढली. पण विजय मर्चंटच्या २७८ धावांपुढे आणि मुंबईच्या दुसऱ्या डावातील ७६४ च्या डोंगरापुढे हे सारे अपुरे ठरून होळकर ३७४ धावांनी हरले. सी. के. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी त्या एका सामन्यात १५२ षटके आणि पाच चेंडू टाकले व अकरा गडी बाद केले. एका सामन्यात इतके चेंडू जगात कोणी टाकले नव्हते.

पुढच्या हंगामाची पार्श्वभूमी अशी होती. तो हंगाम ज्या हिवाळ्यात आला, तो हिवाळाही साधा नव्हता. युद्ध संपले होते. दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले होते. फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात नाविकांचा उठाव झाला. आणि हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे जातवार संघ पाडणारी मुंबईची पंचरंगी स्पर्धा याच हंगामानंतर कायमची बंद पडली. अशा वेळी ज्या संघात नायडू आणि मुश्ताक अली, प्रतापसिंग आणि सरवटे एका कर्णधाराच्या आज्ञेत खेळत होते, त्या संघाचे यश मला केवळ क्रीडेचे यश वाटत नाही.

रणजी करंडकाचे सामने त्या काळी बाद-पद्धतीने होत, म्हणजे अमेरिकन बेसबॉलप्रमाणे दीडशेवर सामन्यांत चढउतार सोसण्याची मुभा नव्हती. एक पराभव झाला की वर्षाचा हिशेब बंद. मार्च १९४६ मध्ये इंदूरच्या यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध उपांत्य सामना झाला, आणि त्यात होळकर संघाने आठ गडी बाद ९१२ धावांवर आपला डाव घोषित केला. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, कर्णधार नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंग १०० : एकाच डावात सहा जणांची शतके, ही गोष्ट प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पूर्वी कधी घडली नव्हती, आणि त्या सहांत मुश्ताक अलीचे नाव नाही, यावरून त्या फलंदाजीची खोली ध्यानात यावी. ९१२ हा आकडा रणजी करंडकातील उच्चांक म्हणून सत्तेचाळीसहून अधिक वर्षे अबाधित राहिला. तो १९९३-९४ साली हैदराबादने ओलांडला.

या डावाचे वर्णन करताना प्रतिपक्षाच्या एका माणसावर अन्याय होता कामा नये. म्हैसूरचे गरुडाचार यांनी त्या डावात ६९ षटके टाकली, चार गडी बाद केले आणि ३०१ धावा दिल्या. इतका भार खांद्यावर घेतलेला माणूस पुढे बॅट घेऊन उभाच राहू शकला नसता तरी त्याला कोणी बोल लावला नसता; पण सरवट्यांनी एकट्याने नऊ गडी उडवून म्हैसूरचा पहिला डाव १९० धावांत गुंडाळल्यावर, दुसऱ्या डावात याच गरुडाचारांनी १६४ धावा काढल्या आणि संघाची धावसंख्या पाचशेपार नेण्यास हातभार लावला. पराभव टळला नाही, परंतु त्या शतकाची योग्यता होळकरांच्या सहाही शतकांपेक्षा कमी नव्हती, असे मी म्हणेन.

अंतिम सामना इंदुरातच बडोद्याशी झाला, म्हणजे एका मराठी दौलतीचा संघ दुसऱ्या मराठी दौलतीच्या संघाशी भिडला. बडोद्याकडे विजय हजारे होते. होळकरांकडे पन्नाशी उलटलेले नायडू होते, आणि त्या वयात त्यांनी २०० धावा काढल्या. होळकर ५६ धावांनी जिंकले व करंडक प्रथमच इंदुरास आला. नायडूंचा धाक कसा होता हे सांगणारी एक आख्यायिका जुने खेळाडू सांगत, ती यानंतरच्या एका अंतिम सामन्याची आहे : दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर आदळून दात निखळले, तेव्हा छपन्न वर्षांच्या या कर्णधाराने ते बॅटने बाजूस सारले आणि खेळ चालू करावयास सांगितले. दुखापत झाली तरी जागा चोळावयाची नाही, हा त्यांचा दंडक होता. आणि दरबारच्या पगारावर असणे म्हणजे आरामात असणे, अशी ज्यांची कल्पना असेल त्यांनी हा दंडक ध्यानी घ्यावा.

हंगाम संपताच सरवटे व मुश्ताक अली हिंदुस्थानच्या संघाबरोबर इंग्लंडला गेले, आणि मे महिन्यात ओव्हलवर सरेविरुद्ध शेवटच्या जोडीला सरवटे व शुटे बॅनर्जी यांनी २४९ धावांची भागी रचली. दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके काढण्याचा तो प्रसंग आजही अद्वितीय आहे. इकडे पुढच्याच वर्षी बडोद्याने, हजारे व गुल महंमद यांच्या ५७७ धावांच्या भागीच्या बळावर, होळकरांचा एक डाव व ४०९ धावांनी पराभव करून उट्टे काढले. तथापि १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामना खेळला आणि चार वेळा विजयी झाला. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले होते. फौज गेली, तिच्याबरोबर हुद्दे गेले. तरी नावाच्या पुण्याईवर संघ सात वर्षे टिकला, आणि मग तेही नाव मागे पडून १९५५ पासून मध्यभारत व त्यानंतर मध्यप्रदेश असे संघ उतरू लागले.

त्याच १९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला व १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली. पुढील काळात रेल्वे, बँका आणि असे सरकारी कारखाने यांनी खेळाडूला नोकरी देऊन जे कार्य केले, ते तत्त्वतः होळकर दरबारचेच कार्य होते : हुद्दा एक, काम दुसरे, आणि महिन्याच्या महिन्यास हाती पडणारा मुशाहिरा. मधल्या काही वर्षांत मात्र इंदूरच्या खेळाडूंना आपापली सोय पाहावी लागली. सरवट्यांचे उदाहरण पाहावे. आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या संघातून १९३६-३७ साली त्यांनी खेळास आरंभ केला होता. होळकरांचा संघ मोडल्यावर ते मध्यप्रदेशाकडून खेळले, बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणून उपजीविका केली, सत्तेचाळिशीनंतरही रणजी सामन्यांत उतरले, आणि १९८३ चा विश्वचषक जिंकणारा भारतीय संघ ज्या समितीने निवडला तिचे ते सदस्य होते.