दोष भांड्याचा की टाकीचा?

फ्लश चालेनासा झाला की आधी भांड्याला नावे ठेवली जातात. इतिहास मात्र टाकीकडे बोट दाखवतो. भांड्याचा मुख्य प्रश्न, म्हणजे दुर्गंधी, अलेक्झांडर कमिंगच्या १७७५ च्या पेटंटमधल्या वाकड्या नळीने बराचसा सोडवला. पुढची झुंज गळतीशी होती. टाकीच्या झडपेतून गुपचूप वाहणारे पाणी वाचवण्यासाठी ब्रिटनने सायफनची टाकी सक्तीची केली. तिची दांडी दाबली की आतला पडदा पाणी वर उचलतो आणि सायफन सुरू होतो. पडदा फाटला की दांडी नुसतीच हलते. झडप सोपी नाही का? आहे, पण ती गळते तेव्हा पत्ता लागत नाही, सायफनचा बिघाड लपत नाही. तरीही २००१ पासून ब्रिटनमध्ये झडपेला परवानगी आहे.