नियमांचा कागद उलटा वाचताना : कॅलिफोर्नियातले पोकर क्लब आणि जॅकपॉट

अमेरिकेतल्या पोकर क्लबांमध्ये जॅकपॉट योजनेसोबत नियमांचा एक कागद असतो. त्यात एक नियम ठिकठिकाणी सापडतो : डाव चालू असताना जॅकपॉटबद्दल टेबलावर कोणी बोलायचं नाही, बोलाल तर बक्षीस रद्द होऊ शकतं. आता विचार करा, असा नियम कोणाला का सुचेल? उघड आहे, टेबलावर लोक बोलत होते म्हणून.

बंदी दिसली की तिच्यामागची कृती शोधायची, ही सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला लवकर लागावी. राजाज्ञांच्या, गिरणीच्या नियमांच्या बाबतीत आपण हे करतोच. पत्त्यांच्या क्लबाचा कागद मात्र कोणी साधन म्हणून हातात घेत नाही. घ्यायला हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॅलिफोर्नियात 1885 च्या कायद्याने ‘स्टड-हॉर्स पोकर’ या प्रकारावर बंदी आणली, ड्रॉ पोकर त्यातून सुटलं. त्या फटीतून 1936 पासून लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिना गावात क्लब उभे राहिले. बेल गार्डन्समधला मोठा ‘बायसिकल क्लब’ 1984 चा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : हे क्लब गिऱ्हाइकाविरुद्ध खेळत नाहीत. खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात, क्लब बसण्याचं भाडं घेतो. म्हणजे रिकामी खुर्ची हेच क्लबाचं नुकसान, आणि बक्षीस योजना असते ती खुर्च्या भरायला.

जॅकपॉटची रीत अशी. प्रत्येक डावातून थोडे पैसे, बहुतेकदा एक डॉलर, बाजूला काढायचे. कोणाचा तरी फार मोठा हात, म्हणजे एक्क्यांचं फुल हाउस किंवा त्याहून वरचा, त्याहूनही मोठ्या हाताकडून हरला की साठलेली रक्कम वाटायची. सगळ्यात मोठा वाटा हरणाऱ्याला!

याच कुळातली एक छोटी योजना घेऊ, कारण तिचं गणित वहीवर करता येतं. होल्डेम प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात, मग टेबलावर पाच उघडे पडतात. तुमचे दोन्ही पत्ते एक्के असले आणि तरी तुम्ही हरलात, तर क्लब तुम्हाला समजा 100 डॉलर देतो. एरवी एक्के हातात आले की बोली वाढवायची आणि गर्दी कमी करायची, हा साधा धडा. समोर एकच खेळाडू शेवटपर्यंत राहिला, त्याचे पत्ते कसलेही असले, तर एक्के सुमारे 85 टक्के वेळा जिंकतात. नऊ जण राहिले तर फक्त 31 टक्के वेळा. योजना आली की हाच आकडा उलटा होतो. एकाविरुद्ध खेळलात तर योजनेतून सरासरी 15 डॉलर, नऊ जणांविरुद्ध 69. लहान बोलीच्या टेबलावर बोली वाढवून सगळ्यांना पळवलं तर हाती चार-पाच डॉलर लागायचे. मग शहाणा खेळाडू काय करतो? गप्प बसतो, सगळ्यांना आत येऊ देतो आणि हरण्याची वाट बघतो. (नऊच्या नऊ जण शेवटपर्यंत टिकत नाहीत म्हणा, पण दिशा कळली.)

आता नियमांकडे परत या. अनेक क्लबांच्या कागदावर पॉटमध्ये अमुक इतके डॉलर असल्याशिवाय बक्षीस नाही, अशी अट असते. ती अट म्हणजे या गप्प बसणाऱ्याला दिलेलं उत्तर आहे. डावपेच आधी, नियम मागून. त्या खेळाडूने काही लिहून ठेवलेलं नाही, त्याची खूण राहिली ती त्याला रोखणाऱ्या ओळीत.

पण इथेच सावध व्हा. नियमावरून क्लबाला कशाची भीती होती ते कळतं, किती जण तसं करत होते ते कळत नाही. दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा येतात. तासाला तीसेक डाव धरले तर सात तासांनी एकदा! एवढ्यासाठी आख्खं क्लब डावपेच बदलून बसलं होतं असं प्रबंधात लिहिलंत, तर मार्गदर्शक पहिल्याच वाचनात लाल रेघ मारतील.

दुसऱ्या बाजूने बोलणारं साधन म्हणजे न्यायालय. 1995 मध्ये ‘बेल गार्डन्स बायसिकल क्लब विरुद्ध न्याय विभाग’ या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने जॅकपॉट पोकर ही बेकायदा लॉटरी ठरवली. लॉटरीला तीन गोष्टी लागतात : बक्षीस, नशीब आणि त्यासाठी मोजलेले पैसे. पोकर कौशल्याचा खेळ असेल, पण जॅकपॉट ही त्याच्या पोटातली वेगळी गोष्ट, आणि तो कोणाला लागतो हे नशीब ठरवतं, असं न्यायालयाने धरलं. तिथल्या योजनांवर ‘खरेदीची गरज नाही’ असं छापलेलं दिसतं ते याच संदर्भात वाचा. तीन पायांपैकी एक काढला की लॉटरीचं स्टूल उभं राहत नाही. कौशल्य की नशीब हा वाद आपल्याकडे 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तिथे विषय शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा होता. मुंबईवर काम करणाऱ्यांनी ते निकालपत्र जरूर काढून बघावं.

निकाल मला पटतो, पण अर्धाच. न्यायालयाने एकेक डाव हे एकक धरलं, आणि एका डावात जॅकपॉट लागणं नशीबच. मुरलेला खेळाडू मात्र डाव निवडत नव्हता, दिवस निवडत होता. रक्कम लहान असताना घरी राहायचं, ती फुगली की जाऊन बसायचं. आधीचे महिनोन्‌महिने डॉलर डॉलर भरले कोणी? रोज येणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनी, त्यात पेन्शनवर जगणारेही आले. एकक बदललं की कौशल्य दिसायला लागतं, आणि त्याची किंमत कोण मोजतं तेही. तुमच्या विषयात एकक कोणी ठरवलंय, तुम्ही की तुमच्या कागदपत्रांनी, हे आराखडा लिहितानाच स्वतःला विचारा.

सरावासाठी एक नियम तुमच्याकडे सोपवतो. जॅकपॉट लागायचा तर त्या डावात किमान चार जणांना पत्ते वाटलेले असले पाहिजेत, अशी अट पुष्कळ क्लबांत असते. पहाटेचे चार वाजलेत, हॉल रिकामा आहे, बोर्डावरचा आकडा मोठा आहे आणि एका टेबलावर दोन मित्र उरलेत. ते दोघं काय करत असतील, ते त्या अटीवरून उलटं मांडून बघा.