खारं पाणी आणि परगावचा गहू

डिसेंबर 2024च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग दोन-चार दिवसांत केसांचे पुंजके हातात, आणि पुढे टक्कल. बायका, शाळकरी पोरं, कुणी सुटलं नाही. जानेवारीत 18 गावांत बाधितांचा आकडा 250च्या वर गेला. या गावांत सोयरीक करायला लोक कचरू लागले, अशा बातम्या आल्या.

पहिला संशय पाण्यावर गेला. ते साहजिकच होतं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. मूत्रपिंडाच्या दुखण्यांचा दोष आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विहिरींनाच देत आलो. नमुन्यांत नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. पण हे क्षार कालचे नव्हेत. हेच पाणी पिणारे आमचे आजे-पणजे पागोटं बांधत, ते काही टक्कल झाकायला नव्हे! मग नेमका याच हिवाळ्यात केसांनी दगा का द्यावा?

जुने संदर्भ चाळताना असाच एक चकवा मला अमेरिकेत सापडला. 1856 साली आजच्या दक्षिण डाकोटातल्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर घोड्यांची आयाळ आणि शेपटी झडू लागली, खूर निखळू लागले. लष्करी डॉक्टर मॅडिसन यांनी त्याची नोंद केली. पुढे तिथे वसलेल्या शेतकऱ्यांनी दोष खाऱ्या पाण्याला दिला, रोगाचं नावही त्यावरूनच पडलं. खरा गुन्हेगार पाण्यात नव्हे, चाऱ्यात आणि धान्यात होता, हे कळायला 1930चं दशक उजाडलं. त्याचं नाव सेलेनियम. हे मूलद्रव्य शरीराला कणभर लागतं, मणभर झालं की विष. गंधकाशी त्याचं साम्य असल्याने गंधकयुक्त केस-नखांत ते शिरतं. चीनमधल्या एन्शी भागातही 1961 ते 1964 दरम्यान माणसांचे केस आणि नखं गळाली. तिथे दुष्काळात भात बुडाला होता आणि लोक सेलेनियमयुक्त जमिनीतल्या मक्यावर, भाजीपाल्यावर आले होते. म्हणजे ताटातलं धान्य बदललं होतं.

आमच्याकडे ताटावर बोट ठेवलं ते डॉ. हिंमतराव बावस्करांनी. माणूस आमच्या शेजारच्या भोकरदन तालुक्यातला; महाडला राहून त्यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगापुढे मांडला. त्यांच्या तपासणीत बाधितांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट निघालं. जस्त मात्र कमी. पंजाबातून आलेल्या रेशनच्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या 600 पट होतं, आणि धुऊनही फारसं कमी होईना. हा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि मला तो पटतो. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनी सेलेनियमने भरलेल्या आहेत, हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने कित्येक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं.

ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या या मुलखात माणशी 5 किलो धान्याच्या हिशेबाने परराज्यातला गहू येतो. गरिबाला तो हवाच, त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. विहीर निदान आपली असते, तिचा खारेपणा जिभेला कळतो. पोत्यातल्या गव्हाला चव नेहमीचीच.

एप्रिल 2025मध्ये त्याच गावांत नखं वेडीवाकडी होऊन गळू लागली. नख मुळाशी तयार होतं आणि टोकापर्यंत यायला महिने घेतं. डिसेंबरात खाल्लेली पोळी एप्रिलपर्यंत बोटांवर उतरली होती.